आपली गाडी विकत मिळत नाही

(प्रस्तावना)

छोट्या रेल्वेचा नाद असलेल्या माणसाने नवं इंजिन घरी आणलं की घरातले विचारतात, "केवढ्याला पडलं?" शेजारी विचारतात, "मुलासाठी का?" आणि त्याच नादातला दुसरा कुणी आला तर तो आधी खोक्यावरचं लेबल वाचतो, मग इंजिन उलटं करून चाकं बघतो आणि विचारतो, "याचं काय करणार?" ही पुस्तिका त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. इंजिन आणलं, रुळावर ठेवलं, पळवलं. आणखी काय करायचं असतं? जर्मनीत किंवा जपानमध्ये कदाचित एवढं पुरतही असेल. तिथला माणूस सकाळी ज्या गाडीने कामावर जातो तीच गाडी त्याला दुकानात तयार मिळते, रंगासकट आणि डब्यावरच्या क्रमांकासकट. पालघर-बोईसरच्या माणसाला ती सोय नाही. त्याच्या फलाटावरून जाणारी मेमू, डहाणू लोकल किंवा वापी-सुरतकडची पॅसेंजर युरोपातल्या बड्या कंपन्यांच्या कॅटलॉगात शोधून सापडत नाही. बाजारात मिळते ती दुसऱ्यांची रेल्वे. आपली रेल्वे तिच्यातून काढावी लागते. म्हणूनच इथले आम्ही नादिष्ट एकत्र जमतो तेव्हा नवी खरेदी दाखवणं म्हणजे ऐपत दाखवणं नसतं. आणलेल्या वस्तूतून पुढे काय निघणार, ते चारचौघांत सांगून टाकणं असतं. एकदा सांगितलं की मग ते करावं लागतं, कारण पुढच्या भेटीत कुणी ना कुणी विचारतंच.

हा नाद इथे का रुजावा, याची कारणं शोधायला लांब जायला नको. मुंबईहून उत्तरेकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची वाट १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली, तेव्हापासून हा पट्टा रुळांच्या काठी वाढला आहे. सफाळे, केळवे, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही नावं इथल्या पोराला पाढ्यांआधी पाठ होतात. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर हा वेगळा जिल्हा झाला. एकाच मार्गावर लोकल, मेमू, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या बघायला मिळतात. शेजारून जेएनपीटी ते दादरी हा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग जातो आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांपैकी विरार आणि बोईसर ही दोन याच जिल्ह्यात आहेत. गाड्या बघणाऱ्याला याहून मोठी मेजवानी कुठली?

दुसरं कारण हाताच्या कसबाचं. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. बोईसरला एमआयडीसी वाढली. औषधांचे, रसायनांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग फिटर, टर्नर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंटेशनवाले, मोटर रिवाइंडिंगवाले आले. हातात सोल्डरिंग आयर्न धरायला न घाबरणारी आणि मल्टिमीटर खिशात घेऊन फिरणारी माणसं या गावात सहज भेटतात. परदेशात ज्या बारीक कामासाठी खास दुकान शोधावं लागतं ते काम इथे कुणाच्या तरी ओळखीत होऊन जातं.

आता मुख्य अडचणीकडे येतो, कारण ती समजल्याशिवाय कुणाचीही खरेदी समजणार नाही. जगात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. यात खरी वस्तू ८७ पट लहान होते आणि रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. ही रुंदी ८७ ने गुणली की १,४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतला प्रमाण रूळमार्ग बरोबर एवढ्याच रुंदीचा आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे बाजारातल्या रुळावर आपला डबा ठेवला की तो सुमारे पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायावर उभा राहतो. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो. पण समोरून पाहिलं की डबा दोन्ही बाजूंनी रुळाबाहेर जरा जास्तच झुकलेला दिसतो, आणि ज्याने आयुष्यभर ब्रॉडगेज बघितली आहे त्याच्या डोळ्याला ते खुपतं.

यावर तीन उत्तरं आहेत. पहिलं, डोळेझाक. यात लाज वाटण्याचं कारण नाही, कारण ब्रिटिश मंडळी १९३० च्या दशकापासून हेच करत आली आहेत. त्यांचं ओओ माप ७६.२ पट लहान आहे, पण रूळ तोच १६.५ मिलिमीटरचा. हिशोब केला तर त्यांचा रूळमार्ग १,४३५ ऐवजी १,२५७ मिलिमीटरचा ठरतो. त्यांची चूक साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आपली साडेचौदाच्या आसपास. दुसरं उत्तर, स्वतः रूळ घालणं: रुळांच्या पट्ट्या सोडवून घ्यायच्या, सव्वाएकोणीस मिलिमीटरवर बसवायच्या आणि मग प्रत्येक इंजिनाचा, प्रत्येक डब्याचा आस बदलायचा. हे करणारा माणूस थोर. तो वर्षाकाठी फार गाड्या करत नाही, एवढंच. तिसरं उत्तर मला सर्वांत हुशारीचं वाटतं: माप बदलणं. १,६७६ ला १६.५ ने भागलं की उत्तर १०१.६ येतं. म्हणजे गाडी ८७ ऐवजी १०० पट लहान केली तर बाजारातला तोच रूळ जवळजवळ हुबेहूब ब्रॉडगेज होतो. पण मग दुकानातली माणसं, झाडं, घरं, विजेचे खांब, सगळं मोठं दिसायला लागतं. कुठेतरी तडजोड करावीच लागते.

गंमत अशी की याच जिल्ह्यात एक मार्ग असा होतो आहे, ज्याला बाजारातलं माप अगदी बरोबर लागू पडतं. बुलेट ट्रेनचा मार्ग जपानी शिंकान्सेनच्या धर्तीचा, १,४३५ मिलिमीटरचा आहे. जपानच्या कातो कंपनीची एन मापातली ई-५ शिंकान्सेन १:१६० या प्रमाणात, नऊ मिलिमीटरच्या रुळावर धावते आणि तिचा हिशोब चोख बसतो. त्यामुळे बोईसरच्या एखाद्या घरात शोकेसमध्ये शिंकान्सेन दिसली तर हसू नका. स्थानिक रेल्वेचं सर्वांत अचूक मॉडेल कदाचित तेच असेल. फक्त ते वेळेच्या जरा पुढे आहे.

मापानंतर लांबी. एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. एचओमध्ये तो साडेसत्तावीस सेंटिमीटर होतो. २२ डब्यांची राजधानी करायची म्हटली तर डब्यांनाच सहा मीटर लागतात. बोईसरच्या वन बीएचकेमध्ये एवढी भिंत सापडली तरी तिच्यात एक दार असतंच. वळणांचंही तसंच. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण सहसा देत नाहीत. ८७ ने भागलं तरी दोन मीटर त्रिज्या झाली, म्हणजे पूर्ण वळसा घ्यायला चार मीटरची खोली. सुरुवातीच्या सेटमध्ये येणारा गोल रूळ जेमतेम ३६ सेंटिमीटर त्रिज्येचा असतो. तेव्हा तडजोड इथेही आलीच. पाच-सहा डब्यांची गाडी, आठ बाय चारची प्लायवूड, आणि वळणाचा भाग डोंगराआड किंवा इमारतीआड दडवायचा. नव्या माणसाने इंजिनाच्या आधी घरातली भिंत मोजावी, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

मग विकत काय घ्यायचं? इथे रेल्वेचा इतिहास कामाला येतो. आपल्या बऱ्याच गाड्यांचे नातेवाईक परदेशात आहेत आणि त्या नातेवाइकांची मॉडेलं मिळतात. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून जे डबे बनले, त्यांचा आराखडा झुरिकजवळच्या श्लिरेन गावातल्या स्विस कंपनीचा होता. त्यामुळे त्या काळातले स्विस हलके पोलादी डबे हाती लागले की जाणकाराला त्यात आपला जुना निळा डबा दिसायला लागतो. एलएचबी हे नावच जर्मनीच्या लिंक-हॉफमन-बुश कंपनीचं. ते डबे २००० च्या सुमारास आले आणि नंतर कपूरथळ्याला बनू लागले. डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिनं एबीबीकडून आली, डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरची, डब्ल्यूडीजी-४ जनरल मोटर्सची, आणि बारा हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ अल्स्टॉमच्या प्रायमा घराण्यातलं. हा वंशवृक्ष ज्याला पाठ आहे तो परदेशी कॅटलॉग वेगळ्याच नजरेने चाळतो. इतरांना जिथे स्विस डबा दिसतो, तिथे याला गुजरात मेल दिसते.

हे काम जवळून कसं असतं ते एकाच डब्यावर दाखवतो. समजा, तो स्विस डबा आला. रंग हिरवा आहे, तो घालवून निळा द्यायचा, हे कुणालाही सुचेल. दारं, पायऱ्या आणि छतावरची वायुवीजनाची टोपणंही बदलता येतात. पण एवढं करूनही डबा भारतीय दिसत नाही. का दिसत नाही, ते कळायला वेळ लागतो: खिडक्यांना गज नाहीत. आपल्या बिगर-वातानुकूलित डब्याची सगळी ओळख त्या आडव्या गजांत आहे. आता ८७ पट लहान खिडकीचा गज किती जाड असणार? केसापेक्षा थोडा जास्त. इथे प्रत्येकाची पद्धत वेगळी. कुणी पारदर्शक शीटवर बारीक रेघा छापून आतून चिकटवतो. कुणी रिवाइंडिंगच्या दुकानातून सर्वांत बारीक तांब्याची तार आणतो, ती ताणून सरळ करतो, खिडकीच्या रांगेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या गजांच्या तारा ओढतो आणि दोन्ही टोकांना सायनोॲक्रिलेटचा एकेक थेंब सोडतो. मधल्या भिंतीवर दिसणारी तार मग धारदार पात्याने कापून काढायची. छापलेल्या रेघा सरळ येतात, पण सपाट दिसतात. तार कधी वाकते, पण तिच्यावर उजेड पडला की खिडकी खरी वाटते. दोन डबे शेजारी ठेवून या मुद्द्यावर तासभर वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं कुणीही डब्याची किंमत विचारलेली मला आठवत नाही.

ज्यांना नातेवाईक चालत नाहीत, ज्यांना हुबेहूब तेच हवं, त्यांच्यासाठी आता थ्रीडी प्रिंटिंग आलं आहे. डब्ल्यूएपी-७ चं कवच छापून घ्यायचं, साधारण साडेतेवीस सेंटिमीटर लांब, आणि ते एखाद्या सहा आसांच्या अमेरिकी डिझेल इंजिनाच्या सांगाड्यावर बसवायचं. छपाईचे थर छतावर पायऱ्यांसारखे दिसतात. ते घासून काढण्यातच निम्मं काम असतं. दुसरी अडचण वजनाची. प्लास्टिकचं कवच हलकं, डबेही हलके. त्यामुळे वळणावर डबा आत ओढला जाऊन घसरतो. अमेरिकेतल्या हौशी संघटनेने ठरवून दिलेल्या मापाप्रमाणे एचओमधल्या २७ सेंटिमीटर डब्याचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास हवं. ते भरायला आपल्याकडे फार शोधावं लागत नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं किलोवर मिळतं. ते टेपमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी, दोन्ही चाकगाड्यांच्या मध्ये बसवायचं आणि हात स्वच्छ धुवायचे. सातपाटीच्या जाळ्यातलं शिसं राजधानीच्या डब्यात, हे फक्त या जिल्ह्यातच घडू शकतं.

खरेदी दाखवताना जिचा विषय हमखास निघतो आणि जी कुणालाच विकत मिळत नाही, तिच्याबद्दल बोललं पाहिजे. डब्ल्यूसीएएम-१. चित्तरंजनला सत्तरच्या दशकात ही ५३ इंजिनं बनली, वलसाडच्या शेडमध्ये राहिली आणि १,५०० व्होल्ट डीसी व २५ हजार व्होल्ट एसी अशा दोन्ही विजेवर चालली. मुंबईकडे डीसी आणि विरारच्या पलीकडे एसी, अशी पश्चिम रेल्वेची विभागणी होती, म्हणून हे दुहेरी इंजिन लागलं. विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये तारेत वीज नसलेला एक तुकडा होता. गाडी तिथे आली की इंजिनाची वीज जाई, गाडी काही क्षण नुसती घरंगळत राही आणि पलीकडच्या विजेवर पुन्हा ओढ घेई. पालघरच्या पासधारकांच्या दोन पिढ्या त्या घरंगळण्यावरून 'आलं आता वैतरणा' हे ओळखत. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचं उपनगरी मार्गावरचं एसीकरण पुरं झालं आणि दोन विजांचा तो सांधा इतिहासजमा झाला. आमच्यातल्या ज्याला हे इंजिन करायचं आहे त्याला कुठलीही कंपनी मदत करणार नाही. जुने फोटो, मोजमापं, एक चालता सांगाडा आणि चिकाटी, एवढंच भांडवल. फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यांचंही तेच. १९७९ पासून धावलेले ते डबे २०२३ च्या जुलैमध्ये गेले. ते करायचे तर मजल्यापासून छतापर्यंत सगळं घरी.

एसी-डीसीचा हा प्रश्न छोट्या रेल्वेतही आहे आणि नवा माणूस इथेच हमखास अडकतो. बहुतेक कंपन्यांची इंजिनं दोन रुळांतून १२ व्होल्ट डीसी घेतात: एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीची एचओ पद्धत वेगळी आहे. तिच्यात एसी असते, दोन्ही रूळ मिळून एक टोक धरतात आणि दुसरं टोक मधल्या खिळ्यांच्या रांगेतून घेतलं जातं. जुन्या बाजारात मेर्क्लिनचं दणकट इंजिन कधीकधी स्वस्त दिसतं, घ्यावंसं वाटतं. पण त्याच्या दोन बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेने तोडलेली नसतात. ते साध्या डीसी रुळावर ठेवलं की शॉर्ट सर्किट. आणि इथे मधल्या मध्ये वीज तोडून पलीकडे नेणारा तुकडा नाही. तिसरी पद्धत डिजिटल, म्हणजे डीसीसी. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांनी १९८० च्या दशकात ती उभी केली आणि १९९० च्या दशकात तिचं प्रमाणीकरण झालं. रुळात सतत वीज असते, तिच्याबरोबर आज्ञा जातात, आणि इंजिनाच्या पोटातला डिकोडर फक्त आपल्या नावाची आज्ञा पाळतो. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवायची असतील तर हीच पद्धत. म्हणून खोक्यावर काय लिहिलं आहे ते किमतीच्या आधी वाचायचं.

किमतीचा विषय मात्र टाळता येत नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मापाबरहुकूम केलेली मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. शिवाय २०२१ च्या सुरुवातीपासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा हेतू त्यामागे होता, तो समजण्यासारखा आहे. पण ज्या वस्तूचा देशी पर्यायच नाही तिच्यावरही तोच भार पडला. त्यामुळे मागवण्याआधी त्या दिवशीचा दर पाहणं हा पहिला नियम. यातूनच इथल्या खरेदीच्या वाटा ठरल्या आहेत. परदेशी असलेली आतेबहीण सुट्टीला येताना एक खोका आणते. नाद सोडणाऱ्याचा संग्रह कुणी एकदम उचलतो आणि आपसात वाटून घेतो. देशी प्लास्टिकची बॅटरीवरची गाडी खेळण्यांच्या दुकानातून घेऊन तिची चाकं बदलली जातात आणि तिला नवा रंग चढतो. शेवटच्या वाटेला कमी लेखू नये. पहिला डबा रंगवताना बिघडणारच, आणि तो बिघडलेला डबा परवडणारा असला की माणूस दुसऱ्या डब्याला हात घालतो.

इंजिन आलं की ते पळवून दाखवण्याची घाई होते. जुनी माणसं पळवत नाहीत, रांगवतात. आधी चाकांमधलं अंतर मापकाने तपासतात, मग मीटरभर सरळ रुळावर इंजिन ठेवतात आणि कंट्रोलर इतका हळू फिरवतात की ते हलतंय की नाही हे बघायला डोळा रुळाच्या पातळीवर आणावा लागतो. इंजिनाची जात त्या सरपटण्यात कळते. वीज घेणारी पात्यं नीट टेकलेली असतील, गिअरचे दात चांगले बसलेले असतील, तर ते न अडखळता चालतं. नाहीतर पाऊलभर जाऊन थबकतं. वेग सगळ्यांनाच जमतो. आणि वेगाचाही हिशोब आहेच. ताशी १०० किलोमीटरची गाडी ८७ पट लहान केली तर सेकंदाला ३२ सेंटिमीटर जाते. तीन मीटरची खोली ओलांडायला तिने नऊ सेकंद घेतले पाहिजेत. पाहुण्यांची मुलं तेच अंतर दोन सेकंदांत पार करायला लावतात, तेव्हा गाडी ताशी ४७० किलोमीटरने चाललेली असते. बोईसरच्या बुलेट ट्रेनलाही ते जमणार नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाने खरेदी टिकवायचीही असते. आपल्याकडची हवा खारी, पावसाळ्यात दमट, आणि कारखान्यांच्या बाजूला आणखी काही मिसळलेली. पोलादी रूळ स्वस्त मिळतात, पण एका पावसात गंजतात. पितळी काळे पडतात. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे रूळ इथे टिकतात. नावात 'सिल्व्हर' असलं तरी त्यात चांदी नसते. तेसुद्धा आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचे. प्लायवूड खालून-वरून रंगवल्याशिवाय वापरली तर आषाढात फुगते आणि सांध्यावर रूळ उचलले जातात. इंजिनं मूळ खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवायची. ही बारीकसारीक माहिती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांनी डहाणूचा जुलै पाहिलेला नसतो.

नादाचं टोक कुठपर्यंत जाऊ शकतं हे बघायचं असेल तर पुण्याला जावं. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. आधी ते आपली गाडी घेऊन ठिकठिकाणी प्रदर्शनं भरवत. मग तिला कायमचं घर मिळालं. एका शहराएवढा देखावा, सिग्नल, पूल, वाफेची, डिझेलची आणि विजेची इंजिनं, दिवस मावळून दिवे लागण्याचा खेळ, हे सगळं एका दालनात आणि आखलेल्या क्रमाने चालतं. परतीच्या वाटेवर बहुतेकांच्या मनात एकच असतं, की आपल्या खोलीत यातलं काय मावेल. त्यांचा देखावा मुख्यतः युरोपी धर्तीचा आहे. तो बघून आल्यावर आमच्यासमोरचं काम अधिक स्पष्ट दिसतं: हेच कसब आपल्या मातीवर आणायचं. वैतरणा आणि सफाळे यांच्यामधले ९२ आणि ९३ क्रमांकाचे पूल, त्यांच्या मधलं वाढीव बेट, कडेची तिवरं, मिठागरांचे चौकोन. याचा देखावा करायला लागणारी एकही वस्तू खोक्यात येत नाही.

पुस्तिकेचे भाग या क्रमाने लावले आहेत. पहिल्या भागात मापं आणि रूळ आहेत. दुसऱ्यात परदेशी मॉडेल आणि त्याचा भारतीय नातेवाईक यांच्या जोड्या, कुठे किती बदल करावा लागतो त्यासह. तिसरा भाग कवच, रंग, गज आणि वजन यांचा. चौथ्यात वीज, सोल्डरिंग आणि डिकोडर. शेवटचा भाग दुरुस्तीचा आणि पावसाळ्याचा. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात. कुठलीही एक कंपनी सर्वांत चांगली असंही कुठे म्हटलेलं नाही. एकाला जे इंजिन लाखमोलाचं, ते दुसऱ्याच्या मापात बसतच नाही.

ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही त्याला एकच सुचवतो. आधी इंजिन ठरवू नका. आधी गाडी ठरवा. लहानपणापासून ज्या गाडीच्या वेळेवर घरातली कामं चालली, जिच्यातून आजोळी गेलात, जिने पहिल्या नोकरीवर नेलं, ती कुठली? तिला किती डबे, कुठला रंग, कुठलं इंजिन, खिडक्यांना गज होते की काचा, हे वहीत लिहा. फलाटावर उभं राहून पुन्हा एकदा बघा, फोटो काढा, आणि गाडी बंद झाली असेल तर ज्यांना ती आठवते त्यांना विचारा. मग कॅटलॉग उघडा आणि तिच्या सर्वांत जवळची जी वस्तू खिशाला परवडेल ती घ्या. ती घेऊन आलात की तो तिसरा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असेल.